पुठ्ठ्यामागचा आकडा

ताईच्या पोटावर पट्टा बांधून झाला आणि मशीनवाल्यानं स्क्रीनवर पुठ्ठा ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. तिथंच माझं डोकं फिरलं. लपवायचं काही नसेल तर माणूस एवढी चिकटपट्टी वाया घालवतो का?

"काय मोजताय नक्की?"

"बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन. पट्ट्यातून उजेड आत जातो. सुई नाही, काही नाही," मशीनवाला म्हणाला.

"मग झाकलं कशाला?"

"ह्या नव्या मशीनची चाचणी चालू आहे ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आकडा मीपण बघत नाही."

घ्या! डॉक्टरच बघत नाही म्हणे. ताईला आठवा महिना, आणि आधीचं बाळ पोटातच गेलेलं. ह्यांना लपाछपी सुचतेय.

"गप गं," ताई म्हणाली. "शाळा सोडलीस, भांडणं तेवढी सोडली नाहीस."

मशीनवाला वायर आणायला गेला. बाई हात धुवायला वळल्या. मी पुठ्ठ्याचा कोपरा उचकटला.

शेहेचाळीस.

ताईच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावर अठ्ठ्याण्णव होते.

"ताई, बाळाला निम्मापण मिळत नाहीये!"

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. वायर घेऊन आलेला मशीनवाला ओरडला, "अहो, हात कशाला लावलात? आता ही नोंद बाद!"

"नोंद गेली खड्ड्यात! बाळाचं बोला!"

"बाळ पोटात एवढ्यावरच मजेत असतं," बाई हात पुसत म्हणाल्या. "बाहेर येऊन श्वास घेतला की आकडा वाढतो."

"थापा!"

"म्हणजे शेहेचाळीस बरोबर आहे?" ताईनं विचारलं.

मशीनवाल्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी टॉवेल बाजूला ठेवला.

"ते माहीत नाही. मशीन खरं बोलतं का, तेच तर तपासतोय. उद्या खोटाच आकडा बघून मी घाबरले, तर उगाच कुणाचं तरी ऑपरेशन करून बसेन. म्हणून झाकतो. माझा भरवसा ह्याच्यावर." त्यांनी शेजारच्या जुन्या मशीनकडे बोट केलं. त्यातून बाळाचे ठोके ऐकू येत होते. "हे ठीक आहेत. पट्टा नको असेल तर आत्ता काढते. तुमच्या तपासण्या होतील तशाच."

"काढ ताई," मी म्हटलं. "ह्यांनाच माहीत नाही, आणि तुझ्यावर शिकतायत."

ताई बराच वेळ ठोके ऐकत राहिली.

"पट्टा राहू दे," ती म्हणाली. "हिला बाहेर काढा."

मला! सख्ख्या बहिणीला!

मी बाहेर दाराला कान लावून उभी राहिले. ताईचा बसला असेल विश्वास, माझा नाही. ठोके एकदम बारीक झाले आणि मी कडीला हात घातला. ती खडखडली.

"बाळानं कूस बदललीय फक्त," आतून ताई ओरडली. "आत आलीस तर बघ!"

ठोके परत मोठे झाले. मी कडीवरचा हात काही काढला नाही.