डावी बाजू

कुदळ खट्ट वाजली आणि जत्मिकोचा हात थांबला. त्यानं गुडघ्यांवर बसून बोटांनी माती सारली. आत काळपट, गुळगुळीत गोलाई होती. दगड झालेलं हाड.

तो दाराच्या डावीकडे खणत होता, कारण मुलगी झाली होती; गावात मुलाची वार उजवीकडे पुरत, मुलीची डावीकडे. बाजूच्या मडक्यात धुऊन मीठ-हळद लावलेली वार होती. बाळाच्या पाठचं भावंडच ते. दिवस मावळायच्या आत बापानं ते पुरायचं.

"काय जावईबापू, पणजोबा भेटले वाटतं?" सासरे कार्सोनो ओट्यावरून म्हणाले. ते गावच्या मशिदीचे इमाम होते.

सकाळी सुईणीच्या घरीच त्यांनी बजावलं होतं, "माकडात मूळ शोधणाऱ्यानं माझ्या नातीच्या कानात अजान द्यायची नाही. मी देईन." त्याच्या बायकोनं, विनार्तीनं, भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. बापानं बाळाच्या कानात द्यायची अजान तशीच राहिली होती.

हाड उपटून खड्डा पुरा करणं सोपं होतं. संग्रहालयात रोज हाडं साफ करणाऱ्या जत्मिकोला ते जमेना.

"हे आज हलवता येणार नाही, बापाक. जागा सुटली की त्याचं वय कळत नाही." सासऱ्यांना तो बापाक, म्हणजे बाबा, म्हणायचा.

"आणि वार? ती थांबेल उद्यापर्यंत?"

म्हातारा खाली उतरून खड्ड्यात वाकला.

"किती जुनं?"

"सात-आठ लाख वर्षांचं असेल."

"माणसाचं?"

"हरणाचं वाटतंय."

"म्हणजे तुझ्या नात्यातलं नाही."

"लांबच्या."

आतून विनार्तीचं दाबलेलं हसू ऐकू आलं. कार्सोनोंनी तिकडे दुर्लक्ष केलं.

"अल्लानं आदमला मातीतून घडवलं. मला एवढं पुरे."

"मीही मातीतच बघतो, बापाक. किती वेळ लागला, एवढंच मोजतो."

"त्याला घाई नव्हती, असं म्हण की सरळ."

ते अंगणाच्या टोकापर्यंत गेले, वळले आणि घराकडे तोंड करून उभे राहिले.

"इकडे ये. इथून डावी बाजू कुठली?"

जत्मिको त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला. इथून डावीकडे दाराची पलीकडची बाजू येत होती. गावात सगळे घरातून बाहेर पडतानाची डावी बाजू धरत. लग्नानंतर त्याला हे शिकवलं होतं ते याच माणसानं.

"नात आज घरात आली," कार्सोनो म्हणाले. "बाहेर कुठे पडलीय अजून?"

जत्मिकोनं कुदळ उचलली आणि त्या बाजूला खणायला घेतलं.

वार पुरून झाली. रीतीप्रमाणे वर टोपली पालथी घालून त्यानं आत दिवा ठेवला. कार्सोनोंनी घरातून दुसरी टोपली आणली, हाडावर झाकली आणि तिथेही दिवा लावला.

"त्यावर कशाला?"

"कुत्र्यांना काय कळतंय कुठलं हाड कधीचं."

मग त्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला.

"हात-पाय धू नीट. पोरीचा कान कधीचा वाट बघतोय."

जत्मिको आत गेला. म्हाताऱ्यानं लवंगेची सिगारेट विझवली, टोपी सारखी केली आणि दाराकडे कान देऊन पायरीवर बसला.