दह्याचं गाडगं

"तोड म्हन्तो ना, रंजीता! पह्यलं बोंड तूच तोड," पंकज दुसऱ्यांदा ओरडला. नवरा असला म्हणून काय झालं? मी कापसाच्या पऱ्हाटीपाशी हाताची घडी घालून उभी राहिले. सासूबाई धडधाकट असताना त्यांचा मान मी घेणार नव्हते.

आमच्या भीमपूरकडच्या या गावात कापसाची वेचणी घरातली थोरली बाई सुरू करते. शेताला दहीभाताचा नैवेद्य दाखवून ती पाच बोंडं वेचते, मग बाकीचे कामाला लागतात. सासूबाईंनी, म्हणजे तुळजाबाईंनी, हे चाळीस वर्षं केलं. संक्रांतीला मात्र अंगणात साधा पाय घसरला आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. तेव्हापासून पंकज त्यांना बाजेवरून हलू देईना.

"दूध-दही लेते, अम्मा?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"घरी दोन म्हशी हायत ना!" सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या.

"भैंस का नहीं, तुम्हारा पूछ रहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात दही आधी सासऱ्यांना, मग पंकजला. गाडगं खरवडून उरेल ते बायांना. त्यात विचारण्यासारखं काही आहे, हे आम्हा दोघींच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

पण बाई मोठी जिद्दी! गोळ्या, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, कोवळ्या उन्हात विहिरीपर्यंत फेरी. खांबाला धरून टाचा उचलायच्या, हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठायचं. शेजारची गयाबाई हसायची, "काय वं, शाळंत नाव घातलं का?"

"घातलं. तू बी ये," सासूबाई म्हणायच्या.

वाटीभर दहीही खायच्या, पण चुलीआड, पुरुषांची जेवणं उरकल्यावर.

आज दह्याचं गाडगं मी मुद्दाम घरी विसरले होते. ते घेऊन सासूबाई धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, एकट्या चालत आल्या.

"माय! पडली असती तर?" पंकज धावला.

"पडली का? मंग सरक बाजूला. धरून काऊन राह्यला? मी का अंडं हाय?"

कंबर न वाकवता, गुडघे मोडून त्या खाली बसल्या. मी आणलेला भात गाडग्यातल्या दह्यात कालवून नैवेद्य दाखवला. हात न टेकता उठल्या आणि पाच बोंडं वेचली. माझा जीव भांड्यात पडला.

प्रसादासाठी सासऱ्यांनी सवयीने हात पुढे केला. सासूबाईंनी गाडग्यात हात घातला, पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर सावकाश चावून खाल्ला. दुसरा माझ्या तळहातावर ठेवला.

"खाय वं. तुही हाडं का लोखंडाची हायत?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्या घरचं दही मी पहिल्यांदाच खरवडल्याशिवाय खाल्लं. डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

सासऱ्यांचा हात अजून पुढेच होता.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, "देतो."

ते थांबले.