लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

…लाकडी मुठीचा, कडा झिजलेला, निळ्या शाईच्या पॅडवर तोंड खुपसून बसलेला तो रबरी शिक्का — जयसिंगची नजर त्यावरून हलतच नव्हती. औषधवाला तो उचली, समोरच्या कागदावर दाबी, पुन्हा पॅडवर ठेवी, आणि त्या प्रत्येक दाबण्यासरशी कोणाचे तरी काम झालेले असे. आपलेही होईल. झालेच पाहिजे. संत तुकाराम नगरातले हे दुकान सकाळपासूनचे सहावे. मोशीत दोन, भोसरीत एक, पिंपरीत दोन, आणि सर्वत्र तेच एक वाक्य, जणू सगळ्यांनी एकाच शाळेत पाठ केलेले : "शॉर्टेज आहे काका, वरूनच माल नाही."

वरूनच! हे वर म्हणजे नेमके कोठे? चाकणच्या कंपनीत तो स्वतः अकरा वर्षे स्टोअर सांभाळत होता. साधा एक वायसर कमी पडला तर लाइन थांबे, सुपरवायझर अंगावर येई, आणि चारी दिशांना फोन करून, टेम्पो पिटाळून, शिफ्ट संपायच्या आत तो वायसर हजर करावा लागे. "वरूनच नाही" असे मी तेथे एकदा जरी म्हणालो असतो, तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत फिरावे लागले असते. आणि येथे माणसाच्या मेंदूचा प्रश्न, तरी कोणी साधा फोन उचलायला तयार नाही!

घरी श्रद्धाची आज संध्याकाळची एक गोळी उरली होती. उद्या सकाळची नव्हती. मुलगी एकोणीस वर्षांची; गेले चौदा महिने तिला झटका आला नव्हता, आणि एकही गोळी चुकता कामा नये, असे डॉक्टरांनी बोट उगारून बजावले होते.

"बोला काका."

जयसिंगने पिशवीतून चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. औषधवाल्याने — प्रज्वल, असे त्याच्या खिशावर लिहिले होते — नाव वाचले, आत जाऊन कप्पा धुंडाळला.

"आहे. शेवटची पट्टी."

जयसिंगने पैशांसाठी खिशात हात घातला. प्रज्वलने चिठ्ठी उलटी केली, उजेडाकडे तिरपी धरली, नखाने खरवडली.

"हे काय केलंय?"

"लॅमिनेशन."

"ते दिसतंय हो. का केलंय?"

"खराब होऊ नये म्हणून."

"अहो, ही गोळी दिली की किती दिल्या ते चिठ्ठीवर लिहून शिक्का मारावा लागतो. यावर शाई टिकेल का? हे बघा —" शिक्का उमटला, अंगठा फिरताच त्याचा निळा फराटा झाला. "उद्या हीच चिठ्ठी घेऊन तुम्ही दहा दुकानं फिरलात तर?"

"फिरूनच आलोय मी!"

मागे कोणीतरी हसले.

"इतके दिवस कोण देत होतं?"

"मोशीचा आमचा, ओळखीचा."

"मग त्यालाच धरा. नाहीतर डॉक्टरांकडून नवीन लिहून आणा."

"डॉक्टर मंगळवारी बसतात. आज शनिवार आहे, भाऊ."

प्रज्वलने खांदे उडवले. जयसिंगने प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात नख घातले, दातांनीही ओढून पाहिले. पण प्लॅस्टिकबरोबर कागदाचाच पापुद्रा सुटू लागला, तसा त्याने हात आवरला.

आणि यात माझे चुकले काय? कंपनीत यंत्रावर टांगलेली प्रत्येक सूचना लॅमिनेशन केलेली असते, कारण तेलकट हातांपुढे कागद टिकत नाही. कागदाचा याहून मोठा मान त्याला ठाऊक नव्हता. "हेच चालू ठेवा, बदलू नका," असे डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी तो झेरॉक्सवाल्याकडे गेला होता. कस्तुरा, त्याची बायको, म्हणाली होती, "एवढं कशाला?" परंतु यंत्रातून ते पान गरम गरम बाहेर आले, तेव्हा त्याला वाटले की तो आजारच आत बंद झाला, आता त्यावर कोणी नवी ओळ लिहिणार नाही… शिवाय दुसरीही एक सोय होती. चिठ्ठी पुढे केली की तोंड उघडावे लागत नसे. नातेवाइकांत श्रद्धाला अशक्तपणा होता. कस्तुराने सख्ख्या बहिणीलाही तेच सांगितले होते.

"सरक की भाऊ जरा."

मागची म्हातारी पुढे झाली. प्रज्वलने तिला "या केसरबाई" म्हटले. तिची चिठ्ठी आठ घड्यांची, हळदीच्या डागांची, शिक्क्यांवर शिक्के चढलेली — आणि गोळी तीच. शिक्का पडला. पट्टी तिच्या मुठीत गेली. असल्या चिंधीला औषध, आणि माझ्या…!

केसरबाईने त्याच्याकडे एकवार पाहिले. "ए, कापून दे रं यातली निम्मी ह्याला."

"मावशी, असं चालत नाही."

"का? पट्टी माजी, बिल माजं. तुज्या शिक्क्याचं काम झालं न्हवं?"

प्रज्वलने ऐकलेच नाही असे दाखवून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. म्हातारीने पट्टी मधोमध दुमडून फाडली. "वाच. तीच हाय का बघ."

त्याने नाव, आकडा, अक्षर अक्षर ताडून पाहिले. तीच होती. पाच गोळ्या, मंगळवार सकाळपर्यंतच्या.

"घरी कुणाला हाय?"

"मुलीला… जरा अशक्तपणा आहे."

"अशक्तपणाला ही गोळी?" ती मोकळेपणी हसली. "मला शिकवतो व्हय? बावीस वर्सं आणतीय मी, आमच्या म्हाताऱ्यासाठी."

जयसिंगने गोळ्या पिशवीत ठेवल्या.

"फिट येतात," तो म्हणाला.

भर दुकानात, स्वतःच्या आवाजात. काहीच झाले नाही. प्रज्वल बिलाची बटणे दाबत होता. एक माणूस खोकल्याचे औषध मागत होता. मग इतके दिवस आपण हे जपले, ते कोणापासून?

"कवापासनं?" केसरबाई दुकानाच्या पायरीवर टेकली आणि शेजारची जागा तिने पदराने झाडली.

तो बसला. पहिला झटका… तो दिवस डोळ्यांपुढे आणू गेला, तर त्यात श्रद्धा दिसेचना. दिसे ते घराचे उघडे दार, आणि जिन्यावरची शेजाऱ्यांची पावले. मुलगी फरशीवर तडफडत होती, कस्तुरा त्याला हाका मारीत होती — आणि तो आधी दार लावायला धावला होता.