तिसरा मुक्काम

हेमलाने तिसरे रीळ यंत्रावर चढवले, फितीचे टोक उजवीकडच्या रिकाम्या चकतीत अडकवले आणि बटण दाबले. चकत्या फिरू लागल्या. जानराव स्टुलावरून पुढे झुकला.

आधीच्या दोन रिळांवर नुसती खरखर निघाली होती. तिसऱ्यावर खरखरीतून एक आवाज वर आला, दोन शब्द बोलला आणि बुडाला. चकतीचा फेरा पुरा झाला की पुन्हा दोन शब्द. पुन्हा खरखर.

“हा इंद्रभानदादाच हाय ना?” हेमलाने विचारले.

जानरावने मान डोलावली.

मानोऱ्याच्या बसस्टँडजवळ हेमलाचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. लग्नाकार्याला तो लाउडस्पीकरही देई. रेकॉर्डिंगचे यंत्र त्याचेच. जून महिन्यात जानराव ते एसटीने कारंजामार्गे धनजला घेऊन गेला होता. तो तिथल्या शाळेत मास्तर होता. दोन दिवस त्याने इंद्रभानला विहारात बसवून गायला लावले, यंत्र परत केले आणि रिळे गावातच, इंद्रभानकडे ठेवली. तेव्हा थोडे वाजवूनही पाहिले होते. आपलाच आवाज समोरून येताना ऐकून इंद्रभान एवढा हसला की त्याला ठसका लागला. ठसका बराच वेळ थांबला नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी नागपूरला त्याच्या गळ्यातली गाठ काढली. गाठीबरोबर आवाजाची नळीही काढावी लागली.

“गुरुजी, रिळं कुठी ठेवली होती?”

“पेटीत. गायन पार्टीच्या लोखंडी पेटीत.”

“अजून काय हाय त्या पेटीत?”

जानराव सांगू लागला. झांजा, ढोलकीची दोरी, हार्मोनियमची खोळ, बॅनर. मग तो थांबला. सकाळी रिळे काढताना वरचा जड गोळा त्यानेच दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला होता.

“लाउडस्पीकरच्या कर्ण्याचं युनिट,” तो म्हणाला.

हेमलाने यंत्र बंद केले. बाकाखालून एक जुने युनिट काढले आणि स्क्रूच्या डबीवर धरले. डबीतले निम्मे स्क्रू उडून त्याला चिकटले.

“लोहचुंबक हाय हे. याच्यापाशी फीत ठेवाची नसते. चार महिने ठेवली म्हणता? खालचं रीळ जरासं वाचलं, बस.” त्याने एकेक स्क्रू ओढून परत डबीत टाकला. “मी तुमाले सांगितलं नाही. तुमी मास्तर, तुमाले ठाऊक असन असं वाटलं मले.”

“काही करता येत नाही?”

“पुसलं ते पुसलं. लिहून तं घेतलं असन ना तुमी?”

 वही जानरावच्या पिशवीत होती. उन्हाळ्यात त्याने इंद्रभानचे नागपूरच्या वाटेचे गाणे लिहायला घेतले होते. इंद्रभानला अक्षर येत नव्हते. तो एकेक ओळ म्हणे आणि जानरावची पेन्सिल थांबेपर्यंत वाट पाही. दोन मुक्काम लिहून झाले तेव्हा यंत्र मिळाले. “आता कायले लिहाचं, दादा? मशीन सगळं जसंच्या तसं ठेवते,” असे जानरावच म्हणाला होता.

हेमलाने यंत्र गोधडीत गुंडाळून त्याच्या हाती दिले. “घेऊन जा. जे दोन शब्द हायेत ते तरी आयकू द्या त्याइले.”

छप्पन सालच्या दसऱ्याला धनजची एक्केचाळीस माणसे दीक्षेसाठी पायी नागपूरला गेली होती. वाटेत सहा मुक्काम पडले. त्या वाटचालीचे गाणे इंद्रभान एकोणीस वर्षे गात आला होता. कोणत्या मुक्कामाला कोणाचे पाय सुजले, कोणी कोणाचे लेकरू खांद्यावर घेतले, हे नावानिशी त्यात होते. कडवी इंद्रभान एकटा म्हणे. पार्टी फक्त धृपद उचलायची. कडव्यांचे शब्द त्याच्याशिवाय कोणालाच पाठ नव्हते, कारण तशी कधी गरज पडली नव्हती. आता दसरा नऊ दिवसांवर आला होता. रिळे लावून कडवी शिकायची आणि यंदा पार्टीने पूर्ण गाणे म्हणायचे असे ठरले होते.

जानराव विहारात पोचला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होते. सतरंजी अंथरलेली होती. ढोलकीवाला देवमन ढोलकी कसत होता. इंद्रभानची बायको दुर्गाबाई झांजा पुसत होती आणि भागिरथाबाई सगळ्यांच्या पुढे, यंत्र ठेवायचे होते त्या जागेसमोरच बसली होती. तिचा नवरा ग्यानबा त्या एक्केचाळिसांतला. तो जाऊन पाच वर्षे झाली होती. त्याचे कडवे तिसऱ्या मुक्कामाला होते.

इंद्रभान पेटीला टेकून बसला होता. गळ्यातल्या भोकावर पांढरे फडके बांधलेले. श्वास घेताना फडके आत ओढले जाई.

“आले मास्तर,” देवमन म्हणाला. “लावा लवकर. या बुढीनं सकाळपासून जागा धरली हाये, जसा काही सिनेमा हाये.”

“तुह्या बापाचं कडवं असतं तं तूबी धरली असती,” भागिरथाबाई म्हणाली.

“माह्या बापाले अर्ध्या वाटेतून परत आणलं लोकायनं. त्याचं काय कडवं!”

सगळे हसले. इंद्रभानचे खांदे हलले, फडके फडफडले.

जानरावने विजेची तार जोडली. आधी सांगावे की आधी लावावे, हे त्याने बसमध्ये कितीदा तरी ठरवले आणि मोडले होते. तो म्हणाला, “दोन रिळं गेली. तिसऱ्यावर थोडं हाये.”

“गेली म्हंजे? कुठी गेली?” दुर्गाबाईने विचारले.

“आवाज पुसला गेला.”

 त्याने बटण दाबले. खरखर सुरू झाली. मग इंद्रभानचा आवाज, चार महिन्यांपूर्वीचा, भरलेला:

“…ग्यानबाच्या हाती…”

खरखर.

“…जोडा नवा…”

खरखर. भागिरथाबाईने कान यंत्राजवळ नेला. चकती फिरली.

“…पाय तं…”

त्यापुढे फीत शेवटपर्यंत नुसती खरखरत गेली. टोक सुटून चकतीवर फटफट आपटू लागले तेव्हा जानरावने यंत्र बंद केले.

“पुढं काय होतं?” भागिरथाबाई म्हणाली. “जोडा हातात धरून चालले ते, हे मले ठाऊक हाये. नागपुरातच घालतो म्हनत. पन पाय तं… पाय तं काय?” ती इंद्रभानकडे वळली. “काय होतं, भाऊ?”

इंद्रभानचे ओठ हलले. ओळ पूर्ण झाली असावी, कारण ओठ मिटले आणि तो तिच्याकडे पाहत राहिला.

“अजून एकदा म्हना.”

त्याने पुन्हा म्हटले. सावकाश. दुर्गाबाई त्याच्या तोंडाजवळ गेली. “काटे?” तिने विचारले. त्याने मान हलवली, नाही. “फोड?” नाही. तिसऱ्यांदा त्याने ओठ हलवले नाहीत. हाताची मूठ उघडली आणि जानरावकडे पाहून पंजा उलटा केला. कसे झाले?

जानराव यंत्राची तार गुंडाळू लागला.

“रिळंच जुनी होती, दादा. मी पाहून घ्याले पाह्यजे होती. माही चूक हाये.”

“तुमची कायची चूक?” दुर्गाबाई म्हणाली. “आमी तं जिवापाड जपली. यायनं माह्या लुगड्यात गुंडाळली, उंदीर नाई लागावा म्हनून पेटीत ठेवली. गाडीत पेटी हालते म्हनून वरतून वजन ठेवलं. पार्टीची वस्तू पार्टीच्या पेटीतून बाहीर जाऊ देत नाई हा मानूस.”

“चांगलं केलं,” जानराव म्हणाला. तार गुंडाळून झाली होती. ती सोडून त्याने पुन्हा गुंडाळायला घेतली.

इंद्रभान त्याच्या हातांकडे बघत होता. मग तो वळला आणि पेटीचे झाकण उघडले. युनिट बाहेर काढून मांडीवर घेतले. युनिटच्या बुडाला दुर्गाबाईची एक सुई आणि दोन खिळे चिकटलेले होते. त्याने सुई ओढली. ती सुटली. जवळ नेली तशी बोटांतून निसटून परत जाऊन चिकटली. तेच त्याने आणखी एकदा केले.

तो उठला. युनिट उचलून विहाराच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या कोनाड्यात नेऊन ठेवले. परत येऊन तिन्ही रिळे लुगड्यात गुंडाळली, पेटीत ठेवली, झाकण लावले.

“असं काहून?” देवमनने विचारले. “युनिट तं पेटीतच राह्यते ना?”

इंद्रभानने त्याच्याकडे पाहिले नाही. जानरावच्या खांद्यावर हात ठेवून त्याचा आधार घेत तो खाली बसला. बसल्यावरही हात थोडा वेळ तिथेच राहिला.

मग त्याने पेटीच्या झाकणावर बोटांनी ठेका धरला. देवमनने ढोलकी ओढली. ठेका ओळखीचा होता. पार्टीने धृपद उचलले.

“चाल माय चाल, नागपूर दूर नाई,
मांगं पाहाचं काय, मांगं आपलं काई नाई.”

धृपद संपले. सगळे थांबले. देवमनही थांबणार होता, पण इंद्रभानने मान हलवली आणि झाकणावर ठेका चालू ठेवला. ढोलकी चालू राहिली. इंद्रभानचे ओठ हलू लागले. भागिरथाबाई त्या ओठांकडे टक लावून बसली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. फडके आत-बाहेर होत होते. कडव्याला लागायचा तेवढा वेळ गेला, त्याने बोट वर केले आणि पार्टीने पुन्हा धृपद म्हटले.

जानरावने पिशवीतून वही काढली. दुसऱ्या मुक्कामाची शेवटची ओळ पानाच्या मध्यावर संपत होती. तिच्याखाली त्याने ‘तिसरा मुक्काम’ असे लिहिले आणि पेन्सिल तशीच धरून ठेवली. ढोलकी पुढच्या कडव्यात शिरली. इंद्रभानचे ओठ जिथे मिटत तिथे एक ओळ धरून तो मोजत गेला. आठ भरल्या.

‘ग्यानबाच्या हाती, जोडा नवा, पाय तं’ एवढे लिहून त्याने आठ ओळींची जागा मोकळी सोडली, आणि तिच्याखाली लिहिले, ‘चौथा मुक्काम’.