ओंडके ओढणाऱ्या यंत्राचा कान

मित्रांनो, मी एक जुना, घणाने चेपलेला लोखंडी डबा आहे, पोटात छोटा संगणक असलेला. न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डोंगरात, पाइनचे ओंडके वर ओढणाऱ्या यंत्राच्या केबिनमध्ये माझा जन्म गेला.

माझा प्रोग्राम न्गाइरेने लिहिला. तिचा भाऊ रुआ खाली उतारावर ओंडक्यांना साखळ्या अडकवायचा. त्याच्या छातीवर बांधलेल्या बिनतारी खोक्यातून निघालेला संदेश माझ्या सॉकेटमध्ये, म्हणजे कानात, येऊन पडे. आधी जोडणी नाही, नंतर पोच नाही. संदेश भिरकावला की खोक्याचे काम संपले.

"घाईच्या वेळी नमस्कार-चमत्कार कशाला?" न्गाइरे म्हणायची.

एका सकाळी ओंडका घसरला. रुआने खोक्यावरचे 'थांब'चे बटण दाबले. संदेश निघाला आणि कड्याआड हरवला. मी यंत्राला ओढू दिले. ओंडका गर्रकन फिरला आणि रुआचा पाय चिरडला. त्याची किंकाळी वर आली, संदेश आला नाही. यंत्र चालवणारा तामाती त्याचा सख्खा मामा. त्याने घण उचलून मला हाणला.

"बहिऱ्या! पोराचा पाय खाल्लास!"

न्गाइरेने त्याचा हात धरला. "मामा, निरोप वाटेतच मेला. त्याला ऐकू कुठून येणार?"

रडत रडत तिने प्रोग्राम उलटा केला. आता खोके सतत 'ओढ, ओढ' असे संदेश पाठवी. एखादा हरवला तर मागून दुसरा येई. पण संदेश येणेच बंद झाले, की मी ब्रेक लावायचा.

मग काय, कड्याआड संदेश अडले की मी थांबे आणि तामातीच्या लाथा खाई.

"याच्यापेक्षा नवी नवरी बरी, ती तरी कमी रुसते! न्गाइरे, हे थांबणं उद्या काढून टाक."

रुआ लंगडत कामावर परतला होता. तो म्हणाला, "मामा, खाली मी असतो. थांबू दे की त्याला."

"उद्या म्हणजे उद्या!"

त्याच दुपारी वरून एक खोड गडगडत आले. त्याने रुआच्या बरगड्या मोडल्या, छातीवरच्या खोक्याचा चुरा केला आणि त्याला ओढल्या जाणाऱ्या ओंडक्यापुढे फेकले. बटण दाबायला ना खोके उरले, ना शुद्ध. केबिनमधून काही दिसत नव्हते. तामाती ओढतच होता.

मला काहीच ऐकू आले नाही. मी ब्रेक करकचून आवळला.

तामातीने शिवी हासडली, लाथ उगारली आणि खाली रुआ आहे हे आठवून एकदम थबकला. मग तो उतारावरून धडपडत खाली धावला. ओंडक्याचे टोक भाच्याच्या गळ्याला टेकले होते. रुआच्या तोंडातून रक्त वाहत होते, पण श्वास चालू होता.

"न्गाइरे, जिवंत आहे गं!" तो हंबरडा फोडून ओरडला.

आता नवे यंत्र आले आहे. मी छपरीत डिझेलच्या पिंपांमागे गंजत पडलो आहे. त्याचे मला वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, एक मागणे आहे. आपल्या माणसाकडून काहीच निरोप आला नाही, तर 'ठीकच असेल' असे धरून पुढे ओढत राहू नका. आधी थांबा, आणि धावत जाऊन त्याला पाहा.