दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, आत बोलावण्याची वाट पाहत माणसं ज्याच्यावर बसून राहतात, तो जुना लाकडी बाक मी. दत्तक कुटुंबांना सल्ला देणारी एक छोटी कचेरी आहे, तिच्या दाराबाहेर माझं उभं आयुष्य गेलं. मला घडवताना इथल्या ताईंनी सुताराला बजावलं होतं, "पाठ टेकता आली पाहिजे हं. इथं येणारी माणसं आधीच दमलेली असतात." सुताराने जीव ओतून पाठ केली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

माझ्यावर तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन आईबाप बसले. तेच बाळ दहा वर्षांचं होऊन फुरंगटून बसलं. पुढे लग्न ठरल्यावर, आपलं जन्मघर शोधायला पुन्हा आलं. ताई म्हणत, "दत्तकाच्या कागदांवर सही झाली म्हणजे काम संपलं थोडंच?"

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी पाण्याच्या पिंपाशेजारी झाली. कित्येक महिने माझ्यावर कुणी फडकंसुद्धा फिरवलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी खुर्च्या भरल्या होत्या. एक वायरमन आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. "मी नुसती सोबत आलेय," म्हणत ती माझ्यावर बसली. तो आत गेला. थोड्या वेळाने साठी उलटलेली एक बाई आली आणि शेजारी टेकली.

"लवकर आलात?" आईने विचारलं.

"तासभर आधीच. घरात पाय ठरेना. मुलाला भेटायचंय, सेहेचाळीस वर्षांनी. अठराची होते हो मी. नाही ठेवता आला."

आईच्या बोटांनी माझी कड घट्ट धरली. वाटलं, ही आता उठून जाणार. पण ती उठली नाही.

"काय विचारणार त्याला?"

"कुठल्या तोंडाने विचारू? कुणी जीव लावला का, एवढंच बघायचंय."

आई तिच्याकडे वळली आणि म्हणाली, "लावला हो. दूध प्यायला मात्र फार छळलं मेल्यानं."

त्या बाईने चमकून वर पाहिलं. पुढच्या क्षणी दोघी एकमेकींचे हात धरून रडत होत्या, मधेच हसतही होत्या. दार उघडून लेक बाहेर आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"बघतोस काय नुसता?" आई म्हणाली. "ये, बस."

पुढच्या आठवड्यात आई एकटीच आली. "ताई, तेव्हा बोलून गेले खरी, पण आता धास्ती वाटते. तो तिच्याकडेच ओढला गेला तर?"

"मग तुमच्यासाठीही वेळ ठेवते," ताई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी आहे, लेकासाठी आहे, तुमच्यासाठी का नको?"

आता तिघंही येतात, आपापल्या वारी. आई आली की पदराने माझी धूळ पुसते. मी भरून पावलो.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी दत्तक आलेलं असेल, तर 'तुझी खरी आई कोण?' असं त्याला विचारू नका. त्या दोघींचाही भार मी पेललाय. खोटी त्यांतली एकही नव्हती.