सातव्या रांगेतली बारावी खुर्ची

"आता जे सांगतोय त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी स्वतः तिथे नसतो, तर माझाही बसला नसता!" गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून खुर्चीत बसलेला एझेल प्रुइट म्हणाला.

"बोल, पण मान हलवू नकोस," न्हावी होरेस म्हणाला. "मागच्या खेपेला कान थोडक्यात वाचलाय तुझा."

शनिवारची सकाळ होती. बाकावर चौघे नंबर लावून बसलेले. त्यातला लिओटिस विद्यापीठाची बस चालवायचा. तो पेपरात डोकं घालून बसला होता.

एझेलने अठ्ठावीस वर्षं विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात माइक सांभाळला. दर वसंतात तिथे जाहीर व्याख्यानं होत. वंशभेद, विषमता, सामाजिक न्याय. भाषण संपलं, श्रोत्यांचे हात वर झाले, की एझेलने रांगारांगांतून जाऊन त्यांच्या तोंडाशी माइक धरायचा. अन्यायावर त्याने इतकं ऐकलं होतं, की वक्ता कसा खोकतो यावरून भाषण किती मिनिटं उरलंय ते तो सांगे. स्वतः माइकात बोले ते फक्त सभागृह रिकामं असताना. "एक, दोन, तीन. आवाज येतोय का?"

आणि याच सभागृहाच्या जागी पूर्वी हिकरी गल्ली होती. एक्केचाळीस घरं, सगळी काळ्यांची. एझेल नऊ वर्षांचा असताना विद्यापीठाने ती पाडली. पुढे त्याने पावलं मोजून हिशेब लावला होता, की सातव्या रांगेत जिथे बारावी खुर्ची आहे, तिथे आईची चूल होती. हे एकदा त्याच सभागृहात, सगळ्यांसमोर बोलायचं असं तो वर्षानुवर्षं घोकत होता. गुरुवारचं व्याख्यान त्याच्या नोकरीतलं शेवटचं होतं.

"विषय काय, तर कोणाच्या जमिनीवर कोण उभं आहे," एझेल म्हणाला. "भाषणाला आलेल्या बाई तासभर छान बोलल्या. मग म्हणाल्या, 'आणखी कोणाला काही विचारायचंय?' आणि मी माइक धरला. माझ्याच तोंडाशी!"

"आणि बोललास?" होरेसने विचारलं.

"बोललो म्हणजे? खणखणीत! 'बाई, या बाराव्या खुर्चीखाली माझ्या आईची चूल होती. रुबी प्रुइट तिचं नाव.' आठशे माणसं चिडीचूप. एकाच्या पोटात गुरगुरलं, तेसुद्धा माइकात आलं."

"उपाशी आला असेल बिचारा," बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"ऐक तर! कुलगुरू उठले. सुटाबुटात गुडघे टेकले आणि स्वतःच्या हाताने गालिचा उचकटला. खाली फरशी गरम!"

"काहीतरीच!"

"हात ठेववेना, लेका! आणि सगळीकडे मक्याच्या पावाचा वास सुटला. पुढच्या रांगेतले एक प्राध्यापक डोळे पुसत मला विचारतात, लोणी आहे का थोडं?"

दुकान हसून लोळायला लागलं. "आणि कुलगुरूंनी तिथल्या तिथे जाहीर केलं," एझेलने आवाज चढवला, "या खुर्चीवर आईच्या नावाची पितळी पाटी लागणार!"

होरेस हसला नव्हता. त्याच्या मावशीचं घर त्याच गल्लीत होतं.

"काय लिहिणार आहेत पाटीवर?" त्याने हळूच विचारलं.

एझेल गळ्याभोवतीचं कापड सारखं करू लागला. तेवढ्यात लिओटिसने पेपराची घडी घातली.

"एझेल, मी होतो गुरुवारी. शेवटच्या रांगेत. बस सुटायला अर्धा तास होता, म्हणून बसलो होतो."

कात्री थांबली.

"तू माइक तोंडाशी धरलास, हे खरं. मग कितीतरी वेळ नुसता उभा होतास. आणि म्हणालास, 'एक, दोन, तीन. आवाज येतोय का?' लोक हसले. तू माइक त्या लाल स्वेटरवाल्या मुलीला नेऊन दिलास."

आरशातला एझेल खाली, मांडीवर पडलेल्या आपल्या पांढऱ्या केसांकडे बघत होता.

"पण ती पोरगी तर पार दुसऱ्या टोकाला, भिंतीशी बसली होती," लिओटिस म्हणाला. "तू बाराव्या खुर्चीपाशी उभा होतास. मला तेव्हा कळलं नाही, लेका, हा तिथे कशाला गेला म्हणून." त्याने पेपर बाजूला ठेवला. "आणि आवाज येत होता, एझेल. अगदी मागपर्यंत."